सावंतवाडीचा लाकडी खुळखुळा की आयएसआय छापाचा प्लॅस्टिकचा?

भाचीच्या बारशाला दोन खुळखुळे आले. एक सावंतवाडीच्या चितारआळीतला, लाकडी. दुसरा प्लॅस्टिकचा, खोक्यावर आयएसआयची खूण.

१ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना ही खूण सक्तीची आहे. यांत्रिक चाचण्या आयएस ९८७३ या भारतीय मानकाच्या पहिल्या भागात आहेत: खेळणं ठरलेल्या उंचीवरून आपटायचं, ओढायचं, पिळायचं, दाबायचं. फुटलं, तर तुकडा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात टाकून बघायचा. कसाही, न दाबता, पूर्ण आत मावला, तर तो बाळाच्या घशात अडकू शकतो. तीन वर्षांखालच्या मुलांसाठीचं ते खेळणं नापास.

नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या मालाला या सक्तीतून सूट आहे. म्हणजे लाकडी खुळखुळा वाईट नव्हे, पण त्याची परीक्षा आपणच घ्यायची. मी दांडा धरून जोर लावून पिळला. जोड हलला नाही. कडांवरून कापूस फिरवला, कुठे लाकडाचं कुसळ असेल तर धागा अडकतो. एका जागी अडकला, दांड्याच्या टोकाला.

प्लॅस्टिक फुटलं की धारदार कड येते आणि आतले मणी बाहेर सांडतात, ही माझी मोठी भीती. तरी सहा महिन्यांच्या, सगळं तोंडात घालणाऱ्या बाळाला मी खूण असलेलाच देईन, तोही खुणेखालचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे उत्पादकाचा परवाना क्रमांक, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासून. लाकडी खुळखुळा पाळण्यावर उंच, तिच्या हाताला लागणार नाही असा टांगलाय.