आरव्हीचं डिपॉझिट मालकाच्या हातात देऊ नका: लास वेगास ते लेक पॉवेल, आमचा अनुभव

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात आणि अमेरिकेतल्या निम्म्या मराठी घरांत तोच बेत ठरतो: लास वेगासला आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घ्यायची, झायन नॅशनल पार्क, पेज गाव, लेक पॉवेल, जमलंच तर मॉन्युमेंट व्हॅली करून परत यायचं. बेत उत्तम आहे. आईचे गुडघे दुखतात, बाबांना वेळेवर चहा लागतो. स्वयंपाकघर आणि बाथरूम सोबतच फिरत असेल तर वाळवंटातसुद्धा त्यांचे हाल होत नाहीत. तेव्हा जाऊ नका असं मी कुणालाच सांगणार नाही. पण या भाड्याच्या गाड्यांच्या धंद्यात डिपॉझिट गिळायची एक पद्धत आहे आणि ती आमच्यावर वापरली गेली. ती नीट कळावी म्हणून तपशिलात लिहिते आहे.

गाडी एका खाजगी मालकाची होती, भाड्याने गाड्या देणाऱ्या साइटवरून बुक केलेली. भाडं साइटवरच भरलं. मग मालकाचा फोन आला. माणूस बोलायला अतिशय गोड. म्हणाला, डिपॉझिट साइटवर भरलंत तर कार्डावर होल्ड बसेल आणि सुटायला आठवडा-दोन आठवडे जातील. त्यापेक्षा 1,500 डॉलर मला झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सेवा) पाठवा, गाडी परत दिलीत की त्याच संध्याकाळी परत करतो. ऐकताना वाटतं, हा आपलीच सोय बघतोय. खरी मेख इथेच आहे. डिपॉझिट साइटवर असतं तेव्हा नुकसानीचा दावा करायला मालकाला साइटकडे जावं लागतं, आधीचे आणि नंतरचे फोटो द्यावे लागतात आणि निर्णय तिसरा माणूस देतो. पैसे झेलने गेले की दावा करणारा तोच, न्यायाधीशही तोच.

गाडी ताब्यात दिली ती दिवेलागणीला, घाईघाईत. आतलं सगळं दाखवलं, बाहेरून एक फेरी मारली, छताचं नावही काढलं नाही. फॉर्मवर जनरेटरचं रीडिंग, म्हणजे तो आजवर किती तास चालला तो आकडा, त्यानेच लिहिलं: 611 तास. जनरेटरचे तासाला 5 डॉलर वेगळे होते.

प्रवास सुंदर झाला. झायनहून पूर्वेला निघताना माउंट कार्मेलचा बोगदा लागतो. 1930 साली खुला झालेला, 1.1 मैल लांबीचा, डोंगर पोखरून काढलेला. छत कमानीसारखं असल्यामुळे 11 फूट 4 इंचांहून उंच गाडी आपल्या लेनमधून गेली तर कडेला घासेल. म्हणून आमच्या वेळी 15 डॉलरचं परमिट घ्यावं लागायचं, रेंजर समोरची वाहतूक थांबवायचे आणि मोठी गाडी रस्त्याच्या मधोमध न्यायची. बाबा पुढच्या सीटवर बसून मोठ्या अपूर्वाईने बघत होते. (2026 च्या उन्हाळ्यापासून मोठ्या गाड्यांना हा रस्ता बंद करणार असल्याचं पार्कने जाहीर केलं आहे, तेव्हा मार्ग ठरवण्याआधी ते तपासा.)

पुढे पेज, आणि तिथून युटाच्या हद्दीत लोन रॉक बीच. ग्लेन कॅनियन धरणामागे साठलेला लेक पॉवेल हा प्रचंड तलाव, तांबड्या कड्यांवर पाणी उतरल्याची पांढरी पट्टी, आणि अगदी पाण्याजवळ वाळूवर गाडी लावून मुक्काम. वीज-पाण्याची जोडणी तिथे नाही, त्यामुळे दुपारी एसीसाठी जनरेटर लावावा लागला. एका संध्याकाळी जोराचा वारा सुटला आणि ती बारीक वाळू खिडक्यांच्या खाचांत, दाराच्या रबरात, पायऱ्यांवर, सगळीकडे जाऊन बसली. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे तिचाच उपयोग झाला.

गाडी परत करताना मालक परत तितकाच गोड. बाबांशी गप्पा मारल्या, कुठे कुठे गेलात विचारलं. बाबांनी कौतुकाने बोगद्याचं वर्णन केलं. तो म्हणाला, तुमची फ्लाइट असेल, तुम्ही निघा, मी निवांत गाडी बघतो. संध्याकाळी पैसे आले नाहीत. दुसऱ्या दिवशी ईमेल आला: बोगद्यात घासून छताचं रबरी आवरण फाटलं, 1,150 डॉलर. जनरेटरचे 44 तास, 220 डॉलर. आतबाहेर लाल वाळू, साफसफाईचे 110. एकूण 1,480. आणि त्याबरोबर झेलवर उरलेले 20 डॉलर पाठवले होते. ते 20 डॉलर पाहून आई जितकी चिडली तितकी मी तिला कधी चिडलेली पाहिली नाही. वर त्याचं म्हणणं, आम्ही नुकसान लपवून निघून गेलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आता त्याने पाठवलेला छताचा फोटो बघा. फाटलेली जागा छताच्या मधोमध, हवेच्या झरोक्याला लागून. कमानीच्या बोगद्यात गाडी घासली तर वरच्या कडा घासतील. मधला भाग घासायचा तर आधी त्याच्याहून उंच असलेला एसी उखडला गेला असता, आणि तो फोटोत शाबूत दिसतोय. दुसरं म्हणजे छत पांढरंशुभ्र. लोन रॉकच्या वाऱ्यातून आलेल्या गाडीचं छत असं असूच शकत नाही. ज्या वाळूसाठी तो 110 डॉलर मागत होता, तिचा एक कणही त्या फोटोत नाही. म्हणजे फोटो आम्ही गाडी घेण्याच्या आधीचा. मूळ फाइल मागितली तर दिली नाही. स्क्रीनशॉट पाठवला होता, त्यात तारीख कुठून असणार?

जनरेटरचा खोटेपणा माझ्या मुलीमुळे उघडा पडला. पहिल्या रात्री झायनच्या कॅम्पग्राउंडवर वीज होती, जनरेटर लावलाच नव्हता. आजी आरव्हीतल्या शेगडीवर पोहे करतेय म्हणून तिने फोटो काढला. आजीच्या खांद्यामागे भिंतीवरचं पॅनेल दिसतं आणि त्यावर आकडा स्पष्ट वाचता येतो: 640. परत देताना 655 होता. म्हणजे आमचे तास 15, बाकीचे 29 त्याने 611 लिहिलं तेव्हाच आमच्या माथी मारले होते. घाई कशासाठी होती ते तेव्हा समजलं.

साइटने हात वर केले, कारण डिपॉझिट त्यांच्याकडे नव्हतंच. बँकेचं उत्तर असं की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, तुमच्या खात्यातून कुणी चोरले नाहीत. झेल हे ओळखीच्या माणसांत पैसे पाठवण्यासाठी आहे. क्रेडिट कार्डावर असते तर स्टेटमेंट आल्यापासून 60 दिवसांत लेखी तक्रार करण्याचा हक्क कायद्याने मिळतो. आम्ही दोन्ही फोटो जोडून रजिस्टर्ड पत्र पाठवलं, एफटीसीकडे (ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारी केंद्रीय संस्था) ऑनलाइन तक्रार केली आणि लास वेगासच्या स्मॉल क्लेम्स कोर्टात दावा लावला. नेवाडात 10,000 डॉलरपर्यंतचे दावे तिथे चालतात आणि वकील लागत नाही. पत्र मिळाल्यावर मालकाने 500 डॉलर देऊ केले, अट एकच: साइटवरचा आमचा रिव्ह्यू काढून टाकायचा. आम्ही नाही म्हटलं. तो रिव्ह्यू बघून पुढचं कुटुंब वाचेल, त्याची किंमत मला 500 डॉलरहून जास्त वाटते. तारीख अजून लागायची आहे.

तुम्ही जाणार असाल तर साइटबाहेर एक डॉलरही देऊ नका. मालक कितीही सज्जन वाटो, कारण कितीही सोयीचं असो. तुमच्या गाडीचा विमा भाड्याच्या आरव्हीला लागू होतो का, हे विमा कंपनीला विचारून लेखी घ्या, बहुतेकदा उत्तर नाही असंच येतं. गाडी घेताना उजेडाची वेळ मागा. मागे शिडी असते, वर चढता येत नसेल तर सेल्फी स्टिकला फोन लावून छताचा व्हिडिओ घ्या. ओडोमीटर, जनरेटरचे तास, टाक्यांची पातळी यांचे फोटो मालकासमोर काढा आणि तिथल्या तिथे साइटच्या मेसेजमध्येच त्याला पाठवून ठेवा. परत देतानाही हेच सगळं करा. ‘तुम्ही निघा, मी बघतो’ म्हणाला तर फ्लाइट पुढची घ्या, पण फॉर्मवर ‘नुकसान नाही’ असं लिहून त्याची सही झाल्याशिवाय किल्ली देऊ नका.