‘उद्या हमखास’ कुरिअर: सात महिने वापरल्यावर

मी सोलापुरातून चादरी, टॉवेल आणि नॅपकिन ऑनलाइन विकते. माल पूर्व भागातल्या दोन कारखान्यांतून उचलते, पॅकिंग घरीच करते. बहुतेक पार्सलं पुण्याला आणि मुंबईला जातात. नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत मी एका मोठ्या कुरिअर कंपनीची दुसऱ्या दिवशी हमखास पोचवणारी सेवा वापरली. साध्या सेवेच्या जवळजवळ दुप्पट पैसे लागतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ज्या अटींबद्दल मी लिहिणार आहे त्या थोड्याफार फरकाने बऱ्याच कंपन्यांच्या पावतीमागे छापलेल्या असतात.

आधी चांगलं सांगते. सात महिन्यांत एकही पार्सल हरवलं नाही, फाटलं नाही, भिजलं नाही. ट्रॅकिंग नीट चालतं. पुण्याची पार्सलं बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचतात. सोलापूर-पुणे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर करत गाडी रात्रीत आरामात जाते. म्हणून पार्सल उशिरा पोचलं की मी रस्त्याला बोल लावत नाही.

मग उशीर होतो कुठे? हे कळावं म्हणून मी एक वही केली. पार्सल किती वाजता दिलं, पहिला स्कॅन कधी पडला, हबमधून (कंपनी शहरातली पार्सलं गोळा करते त्या ठिकाणाहून) कधी सुटलं, ग्राहकाच्या हातात कधी पडलं, असे चार रकाने. सात महिन्यांत १६४ पार्सलं झाली, त्यातली २३ उशिरा पोचली. संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, नंदीध्वजाच्या मिरवणुकीसाठी शहरातले रस्ते बंद असतात. त्या दिवसांतला उशीर मी धरलाच नाही, तो कोणाच्याच हातात नसतो. तो सोडून झालेल्या या तेवीसपैकी अकरा पार्सलं सोलापुरातून वेळेत निघालीच नव्हती.

हे कसं होतं ते नीट सांगते, कारण सगळी मेख इथेच आहे. पिकअपची वेळ पाच. पोरगा येतो साडेसहाला. पार्सल उचलतो, मला कागदी पावती देतो, गाडीवर बांधून जातो. तोवर हबमधून रात्रीची गाडी भरायला सुरुवात झालेली असते. माझं पार्सल कोपऱ्यात पडून राहतं आणि त्याचा पहिला स्कॅन पडतो दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-सव्वानऊला. कंपनीचं घड्याळ त्या स्कॅनपासून सुरू होतं. म्हणजे मी सोमवारी दिलेलं पार्सल बुधवारी पोचतं आणि त्यांच्या हिशेबात ते ‘वेळेत’ असतं! मी तक्रार केली की समोरून उत्तर येतं, ‘मॅडम, सिस्टीमवर तर एका दिवसात डिलिव्हर्ड दाखवतंय.’ माझ्या हातातल्या पावतीवर तारीख असते पण वेळ नसते. त्या एका न छापलेल्या वेळेपायी अकराच्या अकरा तक्रारी बंद झाल्या.

दुसरा प्रकार पोचवायच्या टोकाला. सात पार्सलांवर ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा पडला. त्यातल्या पाच ग्राहकांना मी त्याच संध्याकाळी फोन केला. पाचही जण दिवसभर घरी होते, त्यांना कोणाचा फोन आला नव्हता. असा शेरा पडला की घड्याळ थांबतं आणि उशीर ग्राहकाच्या नावावर चढतो. तेवीसातल्या बाकीच्या पाच पार्सलांपैकी दोन वेळा पिनकोड लिहिताना माझीच चूक झाली होती, त्याबद्दल कंपनीला बोलायचा मला हक्क नाही. उरलेल्या तिन्हींचं कारण मला कोणी सांगितलं नाही.

आता ज्या पार्सलामुळे हे लिहायला बसले त्याबद्दल. एप्रिलमध्ये पुण्याच्या एका मावशींनी पुतणीच्या लग्नात आहेर करायला पंचवीस चादरी मागवल्या. लग्न शनिवारी. रंग दोनदा बदलले, म्हणून माल तयार व्हायला गुरुवार उजाडला. मी मुद्दाम हमखास सेवा घेतली, ७४० रुपये भरले आणि मावशींना छातीठोकपणे सांगितलं की शुक्रवारी तुमच्या दारात. पार्सल पोचलं सोमवारी दुपारी. मधल्या तीन दिवसांत मी कस्टमर केअरला नऊ फोन केले. दर वेळी नवा माणूस आणि दर वेळी पहिल्यापासून सगळी कथा.

रविवारी मावशींचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या, ‘ताई, मी त्या कुरिअरवाल्याला ओळखत नाही. मी तुम्हाला ओळखते.’ आयत्या वेळी त्यांनी बाजारातून दुप्पट भावाने ब्लँकेटं घेतली होती. मी चादरी परत घेतल्या आणि सगळे पैसे परत केले.

त्या बोलल्या ते कायद्यालाही धरून आहे, हे नंतर वाचताना कळलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे त्या माझ्या ग्राहक आहेत, पैसे त्यांनी मला दिले आणि शुक्रवारचा शब्दही मीच दिला. मनात आणलं असतं तर त्यांनी माझ्यावर पुण्यातल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली असती. तक्रारदार राहतो तिथे तक्रार करायची सोय या कायद्याने दिली आहे. तेव्हा ऑनलाइन विकणाऱ्या माझ्यासारख्या बायांना कळकळीने सांगते, ‘कुरिअरकडून उशीर झाला, आमचा काय दोष’ असं ग्राहकाला म्हणू नका. कुरिअर आपण निवडलेलं असतं.

मग माझं नुकसान कोणी भरायचं? कंपनीने ७४० रुपये परत द्यायची तयारी दाखवली, चादरींच्या नुकसानीबद्दल हात वर केले. मी पावती उलटी करून भिंगातून वाचली. उशीर झाल्यास जबाबदारी भाड्याच्या रकमेपुरती, असं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि खाली माझी सही. रस्ता वाहतुकीचा २००७ चा कायदा कुरिअर एजन्सीलाही लागू आहे, त्यातही ठरवून लिहिलेल्या मुदतीपर्यंतच्या उशिराला भाड्याइतकीच मर्यादा आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल असा खटला झाला. कापडाचा माल जर्मनीला गेला होता, त्याचे कागद कुरिअरने वेळेत पोचले नाहीत, हंगाम टळला आणि खरेदीदाराने पैसे कापले. न्यायालयाने सही केलेल्या अटीप्रमाणे शंभर डॉलरचीच मर्यादा मान्य केली. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. आपल्यासारखाच कापडाचा धंदा, आणि अडकली ती गोष्टही तीच, छापील फॉर्मवरची सही.

तरी माझं म्हणणं ठाम आहे: जबाबदारी कंपनीचीच. दुप्पट पैसे वेळेचे घेतले असतील तर वेळ पार्सल माझ्या हातून उचललं तेव्हापासून मोजायला हवी आणि उचलल्याची वेळ पावतीवर यायला हवी. ‘हमखास’ शब्दाचा अर्थ ‘उशीर झाला तर भाडं परत’ एवढाच असेल, तर काउंटरवर तोंडाने तसं सांगायला हवं. करार कायद्याचं ७३ वं कलम सांगतं की करार करताना दोन्ही बाजूंना जे नुकसान माहीत होतं त्याची भरपाई मागता येते. छापील मर्यादा त्याच्या आड येते हे खरं. पण शनिवारी लग्न आहे हे मी बुकिंग करताना काउंटरवर सांगितलं होतं, फॉर्मवर मात्र लिहिलं नव्हतं.

पिकअपच्या पोराला आणि काउंटरवाल्याला मी यात ओढत नाही. काउंटर फ्रँचायझीचं आहे, तो माणूस कमिशनवर बसतो. तो मला म्हणाला, ‘ताई, गाडी किती वाजता सोडायची हे मला कोणी विचारत नाही.’ पोरगा अठरा-वीस वर्षांचा, पार्सलमागे पैसे मिळतात, एकटाच सात रस्ता चौकापासून होटगी रोडपर्यंत फिरतो. त्याला साडेसहा वाजतात कारण एका गाडीवर दोन माणसांचं काम दिलंय. उशीर तिथे ठरतो, वरती, आणि शिव्या मात्र हा पोरगा खातो.

सेवा सोडलेली नाही. घाईच्या कागदपत्रांना, नमुन्याच्या एखाद्या टॉवेलला ती चांगली आहे, पाचपैकी तीन गुण देईन. पण पिकअप बंद केलं. चारच्या आत स्वतः पार्सल घेऊन काउंटरवर जाते, समोर स्कॅन करून घेते, मोबाईलवर स्कॅनचा मेसेज आल्याशिवाय हलत नाही. तेव्हापासून चौदा पार्सलं गेली, तेराच्या तेरा पुण्याची दुसऱ्या दिवशी पोचली, मुंबईचं एक राहिलं. बुकिंग फॉर्मवर ‘अमुक तारखेच्या लग्नासाठी’ असं पेनाने लिहिते आणि त्याचा फोटो काढते. मोठ्या मालाची किंमत जाहीर करून जास्त जोखमीचा दर भरते. ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा दिसला की ग्राहकाकडून लगेच मेसेज मागवून ठेवते. स्वतःच्या घरासाठी पार्सल मागवणाऱ्यांना उशीर झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लक्षात ठेवा, फोनवर तक्रार नोंदवता येते.

लग्नाच्या ऑर्डरी आता साध्या सेवेने, पाच दिवस आधी पाठवते. रंग बदलायचे असतील तर त्याच्या आत बदला, असं ऑर्डर घेतानाच सांगते. मावशींनी दिवाळीसाठी सहा चादरी सांगितल्यात. त्यांना मी तारीख दिली आहे ती वाटेतले चार दिवस धरून.