वापरानंतरचा अनुभव: पवनचक्की, सोलर आणि ‘हीटरवाली’ लिथियम बॅटरी, उणे ४० मध्ये

“बॅटरीत हीटर आहे, थंडीची काळजी सोडा,” असं विकताना छातीठोकपणे सांगतात. हीटर आहे, खोटं नाही. पण अनेक बॅटऱ्यांत तो फक्त चार्जरकडून येणाऱ्या करंटवर चालतो. शून्याखाली चार्ज केल्यास अ‍ॅनोडवर धातुरूप लिथियम साचतं, म्हणून बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं तिच्यातलं सर्किट) चार्जिंग अडवतं, ते योग्यच. आता हिवाळ्यातलं मरतुकडं ऊन देणार ६० वॅट आणि हीटरला लागणार १००. सेल तापत नाहीत, चार्जिंग सुरू होत नाही. लोड मात्र बॅटरी उपसतच राहतो, कारण डिस्चार्जला उणे २० पर्यंत मुभा.

खरा घात पवनचक्कीचा. वारा जोरात असताना बीएमएसने चार्जिंग तोडलं की चक्कीवरचा भार एकदम जातो, पाती मोकाट सुटतात, व्होल्टेज उसळतं आणि कंट्रोलर जळतो. आमचा जळला. सर्व्हिसचं उत्तर: “जोडणी चुकीची, वॉरंटी लागू नाही.” जोडणीचा आराखडा त्यांचाच! डंप लोड, म्हणजे जादा वीज उष्णता करून जिरवणारा रेझिस्टर, बॅटरीच्या भरवशावर नको. तो चक्कीच्या बाजूला आणि तिची पूर्ण वॅटेज सतत पचवणारा हवा.

आतला हीटर विसरा. लोडच्या बाजूने थर्मोस्टॅटवर हीटिंग पॅड जोडा: ५ अंशांना चालू, १० ला बंद. पेटीला १०० मिमी एक्सपीएस फोम. पेटीचा पृष्ठभाग २ चौरस मीटर, आत ५, बाहेर उणे ४० धरलं तर गळती साधारण ३० वॅट, म्हणजे दिवसाला ०.७ युनिट. ५० मिमी लावलात तर दुप्पट, आणि ती रोजची. इतर ठिकाणी हात आखडा, फोमवर नको. सेन्सर तळाच्या कोपऱ्यातल्या सेलला चिकटवा. पेटीत लोंबकळत ठेवलात तर हवा तापल्याचं सांगेल, सेल तासन्‌तास गारच.

एवढं केल्यावर बॅटरीवरचा राग गेला. लेड-अ‍ॅसिड उणे २० ला जेमतेम निम्मी क्षमता देते आणि रिकामी राहिली तर गोठते. त्यापेक्षा ही परवडली.

पॅनेल उभे, ९० अंशांत लावा. बर्फ टिकत नाही, उलट जमिनीवरच्या बर्फाचा उजेड फुकट मिळतो. ४९ व्होल्टची तीन पॅनेल सिरीजमध्ये कागदावर १४७, पण थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं, उणे ४० ला १७० च्या वर जातात. १५० व्होल्टची मर्यादा असलेल्या एमपीपीटीवर (सोलर चार्ज कंट्रोलर) दोनच जोडा.

जनरेटर ३० टक्क्यांहून कमी भारावर घुमवत ठेवू नका, न जळलेलं डिझेल एक्झॉस्टमध्ये साचतं. आधी पॅड लावून सेल ५ अंशांवर आणा, मगच जनरेटर सुरू करा आणि चार्जरचा करंट वाढवून भार ६०-७० टक्क्यांवर ठेवा.