१ क्रेडिटचा पोहण्याचा क्लास : घ्यावा का? (पाचपैकी साडेतीन स्टार)

आधीच सांगतो, पोहायला मला येत होतं. सांगलीकडचा आहे, मामाच्या मळ्यातल्या विहिरीत पाठीला पांगऱ्याचा बिंडा बांधून शिकलो, चौथ्या दिवशी मामाने बिंडा काढला आणि मागून ढकललं. त्यामुळे इथे अमेरिकेत बीएस करायला आल्यावर पहिल्या सेमिस्टरला अ‍ॅडव्हायजर म्हणाली की एक क्रेडिट (विषयाचं वजन मोजायचं एकक) फिजिकल एज्युकेशनचं, म्हणजे पीईचं, घेऊन टाक, ए-बी-सी अशी लेटर ग्रेड मिळते, तेव्हा मी डोळे झाकून स्विमिंग टाकलं. फुकटचा ए, अजून काय पाहिजे.

फुकटचा नव्हता, पण त्यावर नंतर येतो. आधी हिशोब, कारण इकडे येणारी बरीच पोरं मेसेज करून हेच विचारतात की पीईने जीपीए, म्हणजे क्रेडिटच्या वजनाने काढलेली ग्रेडची सरासरी, वाढतो का.

माझ्या पहिल्या सेमिस्टरचे आकडेच देतो. कॅल्क्युलस ४ क्रेडिट बी प्लस, केमिस्ट्री ४ क्रेडिट बी प्लस, रायटिंग ३ क्रेडिट ए मायनस, इकॉनॉमिक्स ३ क्रेडिट ए मायनस. बी प्लसचे ३.३ आणि ए मायनसचे ३.७ पॉइंट, क्रेडिटने गुणून बेरीज ४८.६, भागिले १४, म्हणजे ३.४७. आमच्याकडे डीन्स लिस्टला, म्हणजे दर सेमिस्टरच्या हुशार पोरांच्या यादीला, ३.५ लागतो. म्हणजे गेलंच होतं हातातून. पण स्विमिंगमध्ये ए आला, १ क्रेडिट गुणिले ४, बेरीज झाली ५२.६, भागिले १५, आला ३.५१! आईने लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की मुलाचं नाव डीनच्या यादीत आलं, कशामुळे आलं ते अर्थातच नाही टाकलं. मामाला मात्र मी खरं सांगितलं, तर म्हणतो विहिरीत ढकललं मी, त्यातलं अर्धं क्रेडिट मला दे.

आता क्लासबद्दल. मंगळवार-गुरुवार सकाळी ८ ला, ५० मिनिटं. पूल २५ यार्डांचा, म्हणजे साधारण २३ मीटर, पाणी कोमट, लाइफगार्ड कायम हजर, लॉकर फुकट पण कुलूप आपलं आपण आणायचं (मी पहिल्या दिवशी नेलं नाही, बूट हातात घेऊन फिरलो). वेगळी फी नाही, कारण आमच्या युनिव्हर्सिटीत १२ ते १८ क्रेडिटला एकच ट्यूशन आहे. खर्च झाला फक्त गॉगल आणि टोपीचा. पहिल्याच तासाला इन्स्ट्रक्टरने एक एक लॅप मारायला सांगितला, मी आपला गावच्या स्टाइलने डोकं वर काढून दणादण हात मारत गेलो, पाणी सगळीकडे उडालं, शेजारच्या लेनमधली बाई थांबून बघत राहिली. बाहेर आल्यावर इन्स्ट्रक्टर शांतपणे म्हणाली, तू बुडणार नाहीस हे नक्की, पण याला पोहणं म्हणत नाहीत. मग सहा आठवडे तोंड पाण्यात घालून बाजूने श्वास घ्यायला शिकलो. सवय मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो हो, जे मुळात पोहायला येत नव्हते ते माझ्या आधी नीट पोहायला लागले.

ग्रेडिंगमध्ये ६० टक्के हजेरी आणि सहभाग, २० टक्के लेखी क्विझ, २० टक्के शेवटची परीक्षा. हो, लेखी क्विझ. हार्ट रेटचं गणित होतं, २२० वजा वय म्हणजे अंदाजे कमाल ठोके, मग त्याचे टक्के. शेवटी १०० यार्ड न थांबता आणि ५ मिनिटं खोल पाण्यात काठ न धरता उभ्याउभ्या तरंगत राहायचं. ते पाच मिनिटांचं मला सगळ्यात सोपं गेलं, विहिरीत काठ धरायला असतोच कुठे.

साडेतीनच स्टार का? हजेरीमुळे. तीन दांड्या माफ, चौथीपासून दर दांडीला एक ग्रेड खाली. माझा रूममेट नागपूरचा, त्याने याच वेळी वेट ट्रेनिंग घेतलं होतं, थंडी पडल्यावर जाणंच बंद केलं, ड्रॉपची तारीख गेली तरी ड्रॉप केलं नाही, त्याला वाटलं नुसता वगळतील. एफ आला. बाकीच्या १४ क्रेडिटला त्याचा ३.७ होता, माझ्यापेक्षा किती वर, आणि तो एक शून्य धरून झाला ३.४५. म्हणजे हुशार पोरगा लिस्टच्या बाहेर आणि मी आत, डंबेल न उचलल्यामुळे. वेळेत विड्रॉ केलं असतं तर डब्ल्यू (विषय सोडल्याची नोंद) लागला असता, तो जीपीएत धरतच नाहीत. क्लासला नाही गेलं की नाव आपोआप निघतं हा आपल्याकडचा समज इथे चालत नाही.

माझा स्वतःचा पोपट दुसऱ्या सेमिस्टरला झाला. बॅडमिंटन घेतलं, वाटलं उगाच ग्रेडचं टेन्शन नको म्हणून सॅटिस्फॅक्टरी-अनसॅटिस्फॅक्टरीवर टाकलं, म्हणजे पास झालं की एस. मग मधेच फिजिक्स डोक्यावरून जायला लागलं ते सोडलं. उरले ११ क्रेडिट ग्रेडवाले आणि १ बॅडमिंटनचं, एकूण १२. एफ-१ व्हिसावर (विद्यार्थ्यांचा व्हिसा) फुलटाइम राहायला १२ लागतातच, म्हणजे त्या शटलकॉकनेच माझा व्हिसा सांभाळला म्हणायला हरकत नाही. जीपीए ३.८ आला. आणि डीन्स लिस्टमध्ये नाव नाही! रजिस्ट्रार ऑफिसला गेलो, काउंटरवरच्या माणसाने कॅटलॉगचं पान उघडून बोट ठेवलं, किमान १२ *ग्रेडेड* क्रेडिट. एस हे क्रेडिट आहे पण ग्रेड नाही. तेच एक क्रेडिट, व्हिसाला चाललं आणि यादीला नाही. आईच्या ग्रुपवर यावेळी शांतता.

प्रत्येक कॉलेजचा कायदा वेगळा हे मला तेव्हा कळलं. इथल्या एमआयटीत (पुण्याची नव्हे, मॅसॅच्युसेट्सची) बीएसवाल्या सगळ्यांना चार पीई कोर्स आणि पोहण्याची अट आहे, पण त्याचे पॉइंट्स वेगळे, जीपीएला शिवतही नाहीत. त्यामुळे तिकडची पोरं बिनधास्त तिरंदाजी, तलवारबाजी, पिस्तूल आणि शिडाची बोट असे चार करून पायरेट सर्टिफिकेट घेतात. खरंच समुद्री चाच्याचं सर्टिफिकेट, थट्टा नाही. फाय बीटा कप्पा ही १७७६ पासूनची मानाची सोसायटी आहे, ती लिबरल आर्ट्सचा अभ्यास बघते, तिथे तुमचे पोहण्याचे ए कोणी विचारत नाही. इथे मेडिकलला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की अर्ज करताना पीईचे मार्क एकूण जीपीएत धरले जातात, पण सायन्सचा वेगळा जीपीए काढतात त्यात नाही.

आणि पदवीपर्यंत या १ क्रेडिटचं वजन किती? ११९ क्रेडिटला ३.४५ असेल आणि त्यात एक ए टाकला तर १२० ला होतो ३.४५५. बस. कम लॉडे (पदवीवर मिळणारा मानाचा शेरा) वगैरे याने मिळत नाही, एकदम काठावर असाल तरच. एका सेमिस्टरच्या यादीला मात्र पंधरातला एक भाग असतो, म्हणून तिथे जाणवतो, वर जाताना थोडा आणि खाली येताना दणकून. माझाच हिशोब उलटा करून बघा, स्विमिंगला सी आला असता तर ३.३७, एफ आला असता तर ३.२४.

महाराष्ट्रातल्या पोरांनी पण वाचा हे. नवीन शैक्षणिक धोरणात पदवीच्या आराखड्यात को-करिक्युलरचे क्रेडिट आलेत, त्यात खेळ, योग, एनएसएस, एनसीसी सगळं येतं, आणि गणित तेच आहे, क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, फक्त इथे ४ पैकी आणि तिकडे १० पैकी. माझी बहीण म्हणत होती पीटीचं कोण बघतं, सही करून येते. बघ बाई, मी बॅडमिंटनने गेलोय.

तर घ्या का? पोहण्यासाठी असेल तर डोळे झाकून घ्या, माझा श्वास सुधारला, पाठ दुखायची ती थांबली, डिसेंबरात बाहेर बर्फ आणि आत कोमट पाणी, तो तास संपू नये वाटायचं. फक्त जीपीएसाठी असेल तर आधी तीन गोष्टी विचारून घ्या, लेटर ग्रेड आहे का, लिस्टला मोजतात का आणि दांड्या किती माफ. आणि हो, पूलच्या पाण्याने केस हिरवट होतात ही अफवा आहे असं मला वाटायचं, पण सोनेरी केसांच्या मुलांचे होतात खरंच, पाण्यात तांबं असेल तर. आपल्या काळ्या केसांना काही दिसत नाही, फक्त झाडूसारखे होतात, खोबरेल लावून जा.

पुढच्या सेमिस्टरला तिरंदाजी टाकलीय, लेटर ग्रेडवर. वेटलिस्टवर सहावा आहे.