बोकडाचा वाटा, दर रविवारचं मटण की पॅकबंद? आधी फ्रीजर मोजा

चार माणसांच्या घरात आठवड्याला एकदा मटण आणि एकदा चिकन होत असेल, तर महिन्याला साधारण तीन किलो मटण आणि चार किलो चिकन लागतं. खरेदीचा कुठलाही विचार करण्याआधी आपल्या घराचा हा आकडा काढून ठेवा. २४ किलो जिवंत वजनाच्या बोकडातून साडेअकरा किलोच्या आसपास मटण पडतं. एका घराला ते चार महिने पुरतं, दोन घरांत वाटलं तर दोन महिने. नाशिकमध्ये अख्खा बोकड घ्यावा का, असं विचारणाऱ्या बहुतेकांना आमचं उत्तर एकच असतं: घ्या, पण दोन किंवा तीन घरांत मिळून.

वाट्यात पैसे वाचतात का?

दरवेळी नाही. बोकडाचं मटण जिवंत वजनाच्या ४५ ते ५० टक्के पडतं, म्हणून हिशेब सोपा आहे. जिवंत वजनाचा किलोचा दर दुकानातल्या मटणाच्या दराच्या निम्म्याहून चांगलाच कमी असेल, तरच वाटा स्वस्त पडतो. दर निम्म्याच्या आसपास असेल, तर कापणीची मजुरी आणि गाडीचं पेट्रोल धरून दुकानाएवढाच खर्च येतो. मुंडी, पाय, वजडी, कलेजी घरात आवडीने खात असतील तरच तो वरचा फायदा. नाहीतर ते सगळं खाटकाकडेच राहतं आणि हिशेब आणखी बिघडतो.

वाटा घ्यायचा तो जनावर स्वतः बघून घेता येतं म्हणून. सिन्नर, निफाड, येवल्याकडच्या शेळीपालकांकडे उस्मानाबादी आणि संगमनेरी बोकड मिळतात. संगमनेरी तर पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या पट्ट्यातलीच जात. बोकडाचं तोंड उघडून दात बघा. पुढचे सगळे दुधाचे, बारीक दात असतील तर तो साधारण वर्षाच्या आतला. मोठे दोन दात आले असतील तर वर्ष उलटून गेलेलं. चार दातांच्या पुढचा बोकड घेऊ नका. खच्ची न केलेला मोठा बोकड असेल तर मटणाला उग्र वास येतो, आणि तो वास फ्रीजरमध्ये ठेवूनही जात नाही. कापणी मात्र परवाना असलेल्या जागी, खाटकाकडूनच करून घ्या.

वाटे पाडताना भांडण होतं ते बहुतेक चापांवरून. खाटकाला आधीच सांगा की मांडी, फरा, चाप, सीना, गर्दन असं प्रत्येक वाट्यात थोडं थोडं पडू दे. कलेजी आणि वजडी त्याच दिवशी शिजवा. गोठवलेली कलेजी नंतर भुसभुशीत लागते.

दर रविवारी खाटकाकडून

ज्यांच्याकडे वेगळा फ्रीजर नाही त्यांच्यासाठी हाच मार्ग योग्य, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त एका खाटकाशी बांधून राहा. ओळखीचा खाटीक सीना जास्त टाकत नाही आणि मेंढीचं मटण बोकडाचं म्हणून देत नाही. तरी स्वतः शेपटी बघायची सवय ठेवा: बोकडाची आखूड आणि वर वळलेली, मेंढीची खाली लोंबणारी. चरबी पांढरी आणि कोरडी असावी. मांस गुलाबीसर लाल असावं, बोटाने दाबलं की पुन्हा वर यावं, हाताला चिकट लागू नये. डबा घरून न्या. काळी पातळ पिशवी अन्नासाठी नसतेच, आणि राज्यात २०१८ पासून तिच्यावर बंदीही आहे.

पॅकबंद

ज्याला मटण ओळखता येत नाही किंवा रविवारी सकाळी वेळ नाही, त्याच्यासाठी ठीक. किलोमागे जास्त मोजावं लागतं आणि कोणता भाग येईल ते आपल्या हातात नसतं. पाकिटावर 'चिल्ड' (नुसतं गार ठेवलेलं) लिहिलंय की 'फ्रोझन' (गोठवलेलं), ते नीट वाचा. फ्रोझन पाकीट घरी येईपर्यंत मऊ पडलं असेल तर परत करा. आतमध्ये बर्फाचे मोठे खडे दिसले तर ते वाटेत एकदा विरघळून पुन्हा गोठलेलं आहे, असं समजा.

चिकन

इथे मात्र एकदम घेण्यात खरा फायदा आहे. नाशिक जिल्ह्यात पोल्ट्री मोठी आहे आणि जिवंत कोंबडीचा दर रोज हलतो. सव्वादोन किलोची ब्रॉयलर कोंबडी चामडी काढून साधारण १ किलो ४५० ग्रॅम भरते, म्हणजे ६५ टक्के. दर उतरलेला असेल त्या दिवशी तीन कोंबड्या घेतल्या की महिना निघतो. चिकन मटणापेक्षा लवकर मऊ पडतं, त्यामुळे सात-आठ तास फ्रीजच्या खालच्या भागात ठेवून त्याच रात्री गोठवता येतं.

मटण वातड होतं ते इथे

सकाळी कापलेलं मटण घरी आणून तासाभरात फ्रीजरमध्ये टाकणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती जवळजवळ प्रत्येक घरात होते. कापल्यानंतर काही तासांनी मांस आखडतं, मग दिवसभरात हळूहळू सैल होतं. आखडायच्या आधीच गोठवलं तर ती क्रिया मध्येच थांबते. बर्फ सुटताना मांस एकदम आवळतं, पाणी सोडतं आणि रबरासारखं होतं. मग कुकरच्या दहा शिट्ट्या केल्या तरी दाताला लागतं आणि दोष बोकडाला दिला जातो.

म्हणून पहाटे कापून टांगलेलं मटण थोडं उशिरा घ्या. तुकडे मोठे आणि हाडासकट ठेवायला सांगा. घरी आल्यावर ते जाळीच्या ताटलीत पसरा, खाली परात ठेवा आणि वरून झाकून फ्रीजच्या खालच्या भागात २४ तास राहू द्या. फ्रीज ४ अंशांवर किंवा त्याखाली हवा. परातीत जमलेलं लाल पाणी टाकून द्या. सिन्नरहून आणायचं असेल तर थर्माकोलच्या खोक्यात बर्फ ठेवून आणा.

गोठवण्याआधी धुऊ नका. अंगावर राहिलेल्या पाण्याचा बर्फ होतो आणि तुकडे एकमेकांना चिकटतात. धुवायचं ते शिजवताना. मीठही तेव्हाच लावा, कारण मिठामुळे फ्रीजरमध्ये चरबी लवकर खवट होते. आलं-लसूण, हळद आणि मीठ लावून ठेवायचंच असेल, तर ते पाकीट महिन्याच्या आत संपवा.

कुठे ठेवायचं

दोन दारांच्या घरगुती फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, हिवाळ्यातला मटार आणि मे महिन्यातला आमरस धरून, सहा-सात किलो मांस बसतं. हे फ्रीज आपोआप बर्फ काढतात. त्यासाठी आत अधूनमधून उष्णता दिली जाते आणि पंखा कोरडी हवा फिरवतो. त्यामुळे पाकिटाला जिथे फट असेल तिथलं मांस सुकून पांढरट, भुरकट होतं. एका दाराच्या जुन्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा तर उणे १८ अंशांपर्यंत पोचतच नाही. तिथे मांस आठवडाभरच ठेवा.

वरून झाकण उघडणारा १०० लिटरचा डीप फ्रीजर दोन घरांच्या वाट्यालाही पुरतो. थंड हवा जड असल्यामुळे झाकण उघडलं तरी ती आतच राहते. तोटा असा की तळाशी काय आहे ते दिसत नाही. उभ्या फ्रीजरमध्ये सगळं समोर दिसतं, पण दार उघडलं की थंडी पायाशी सांडते. वीज कमी खायला हवी आणि मांस जास्त दिवस टिकायला हवं, तर झाकणवाला घ्या.

तो बाल्कनीत उन्हात ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीकडे जातो आणि मोटर थांबतच नाही. भिंतीपासून १० सेंटिमीटर जागा सोडा. आपल्याकडचे बरेच डीप फ्रीजर दुहेरी असतात, एका बटणावर फ्रीजरचा कूलर होतो. पुसताना ते बटण दाबलं जातं आणि दोन दिवसांनी वास आल्यावर कळतं. त्या बटणावर पहिल्याच दिवशी चिकटपट्टी लावा.

एका वेळी किती भरायचं यालाही मर्यादा आहे. १०० लिटरच्या फ्रीजरला एका दिवसात चार-पाच किलो ताजं मांस झेपतं. साडेअकरा किलो एकदम टाकलं तर मधली पाकिटं दीड-दोन दिवस गोठत नाहीत. हळू गोठलं की आत बर्फाचे मोठे कण होतात, आणि सुटताना रस वाहून जातो. म्हणून थोडं आज, थोडं उद्या, उरलेलं परवा.

पाकिटं

अर्धा किलोचं एक पाकीट, जाडी दोन ते अडीच सेंटिमीटर, वहीसारखं सपाट. नळीची धारदार टोकं पिशवी फाडतात, ती बटर पेपरमध्ये गुंडाळून घाला. पाकीट सील करायचं मशीन नसेल तर झिपची जाड पिशवी घ्या, तोंड थोडं उघडं ठेवा आणि पाण्याच्या बादलीत हळूहळू खाली सोडा. पाण्याच्या दाबाने हवा बाहेर निघते. झिप पाण्याच्या वर असतानाच बंद करा. स्टीलच्या डब्यात वर हवा राहते, म्हणून तो आठ-दहा दिवसांपुरताच.

कागदी चिकटपट्टी कोरड्या पिशवीवर, गोठवण्याआधी लावा. थंड पिशवीवर ती धरत नाही. तिच्यावर एवढं लिहा: 'मांडी-चाप, अर्धा किलो, १२ जानेवारी, ५ शिट्ट्या'. पहिल्या पाकिटाला किती शिट्ट्या लागल्या ते कळलं की त्या बोकडाची बाकीची पाकिटंही तशीच शिजतात.

पहिल्या रात्री पाकिटं फ्रीजरच्या भिंतीला टेकवून, एकावर एक न ठेवता लावा. दुसऱ्या दिवशी ती कापडी पिशव्यांत उभी रचा: लाल पिशवी मटण, पिवळी चिकन, हिरवी खिमा आणि हाडं. तळातलं पाकीट शोधायला सगळा फ्रीजर उपसावा लागत नाही, तीन पिशव्या उचलल्या की झालं. झाकणावर यादी लावा आणि पाकीट काढलं की त्यावर काट मारा.

उणे १८ अंशांवर मटणाचे तुकडे सहा महिने, चिकनचे तुकडे नऊ महिने, खिमा तीन महिने चांगला राहतो. घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात याच्या निम्मे दिवस धरा.

वापरायच्या आदल्या रात्री पाकीट फ्रीजच्या खालच्या भागात काढून ठेवा. विसरलात तर बंद पाकीट साध्या थंड पाण्यात बुडवा आणि अर्ध्या तासाने पाणी बदला, तासाभरात सुटतं. ओट्यावर सकाळपासून ठेवलेलं मांस पुन्हा गोठवायचं नाही.

वीज गेली तर झाकण उघडू नका. पूर्ण भरलेला फ्रीजर ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४ तास. जागा रिकामी असेल तर पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. गावाला जाताना वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर आतलं सगळं विरघळून पुन्हा गोठलेलं आहे, ते टाकून द्यावं लागतं.

गटारीच्या आठवड्यात दर चढतो, रांग लागते आणि कोवळा बोकड हाती लागत नाही. त्या दिवसाचं मटण आखाडाच्या सुरुवातीलाच घेऊन गोठवा. मग श्रावणात फ्रीजर रिकामा झाला की प्लग काढा, भिंतीवरचा बर्फ आपोआप सुटू द्या (सुरीने खरवडला तर आतली नळी फुटते), सोड्याच्या पाण्याने पुसा आणि झाकण उघडं ठेवून पूर्ण वाळवा.