सकाळचा मुहूर्त की गोरज? फोटोंच्या बाजूने थोडा विचार

पत्रिका छापायला टाकण्याआधी दोन्ही घरांत एक प्रश्न हमखास निघतो: मुहूर्त सकाळचा धरायचा की गोरज? गुरुजी दोन्ही काढून देतात, कार्यालयवाले दोन्हींना तयार असतात. मग निर्णय होतो तो पाहुण्यांच्या सोयीवर, जेवणाच्या पानांवर आणि हॉल कोणता मिळतो त्यावर. फोटोग्राफर ठरेपर्यंत वेळ ठरून गेलेली असते. माझ्या पुतणीचं लग्न डिसेंबरात गोरज मुहूर्तावर झालं, त्यानंतर मुलीच्या लग्नाची वेळ ठरवायची पाळी माझ्यावर आली. दोन्ही लग्नांची धावपळ जवळून पाहिली आहे आणि दोन्ही अल्बम घरात आहेत, त्यावरून सांगतो. प्रत्येक घराची गणितं वेगळी असतात, हे धरूनच वाचा.

गोरजच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. हिंजवडी-खराडीची ऑफिसची मंडळी रजा न टाकता येऊ शकतात. मुंबई-नाशिकचे पाहुणे सकाळी निघून त्याच दिवशी पोहोचतात. नवरीला मेकअपसाठी पहाटे चारला उठावं लागत नाही, आणि झोप झालेला चेहरा फोटोत वेगळा दिसतो, हे कुठलाही फोटोग्राफर सांगेल. शालू, पैठणी, दागिने दिव्यांत खुलतात. आमच्या व्याह्यांचा कलही गोरजकडेच होता. “अहो, दुपारच्या लग्नाला ऑफिसातून कोण येणार?” हा त्यांचा मुद्दा खोडण्यासारखा नव्हताच.

पण उजेडाचा हिशोब मांडला की चित्र बदलतं. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे गोरजच्या दिवशी सगळ्यात सुंदर उजेड, साडेचार ते पावणेसहाचा, हा मुहूर्ताच्या आधी येतो. त्या वेळात नवरा-नवरीचे एकत्र फोटो काढायचे तर अंतरपाटाआधीच दोघांना समोरासमोर उभं करावं लागतं. हल्ली बरेच जण तसं करतात, त्यात वावगं काही नाही. तरी मला वाटतं, पाटावर उभं राहून मंगलाष्टकं ऐकताना दोघांच्या चेहऱ्यावर जी उत्सुकता असते आणि अंतरपाट खाली येताच जे हसू फुटतं, ते तासाभरापूर्वी लॉनवर हातात हात घालून फोटो काढून आलेल्यांच्या चेहऱ्यावर तितकंसं उमटत नाही. सकाळच्या मुहूर्ताला हाच संध्याकाळचा उजेड लग्न लागल्यानंतर मिळतो. अक्षता पडलेल्या असतात, सप्तपदी झालेली असते, जेवणं उरकलेली असतात आणि दोघं हक्काने शेजारी उभी असतात.

सकाळच्या मुहूर्ताचा दोषही सांगायला हवा. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची, आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला, ७३.८ अंशांच्या आसपास. त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या पुढेमागे. पत्रिकेत १२ वाजून ३५ मिनिटं छापलं आणि लग्न म्हात्रे पुलाजवळच्या एखाद्या उघड्या लॉनवर असलं, तर डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली, मुंडावळ्यांची सावली गालावर आणि सगळे डोळे बारीक करून उभे. सकाळचा म्हणजे शक्यतो ११ च्या आतबाहेरचा मुहूर्त मागून घ्यावा. गुरुजींना आधी विचारलं तर बहुतेक वेळा सोय निघते.

आता ज्या एका गोष्टीने माझं मत पक्कं झालं, ती म्हणजे स्टेजवरचे रंगीत दिवे.

पुतणीच्या लग्नात सजावट चांगली होती, फुलंही ताजी. पण स्टेजच्या दोन्ही बाजूंना खाली एलईडीचे पार लाइट, म्हणजे रंगीत झोत टाकणारे दिवे, ठेवले होते. ते जांभळे, मग निळे, मग गुलाबी असे आपोआप बदलत राहायचे. दिवसा ते कोणाच्या लक्षातही आले नसते. साडेसहाला बाहेर अंधार झाला आणि सगळ्या स्टेजवर तोच रंग पसरला. नवरी मामाने आणलेल्या पिवळ्या अष्टपुत्रीत होती. पिवळ्या कापडावर जांभळा उजेड पडला की ते तांबूस दिसतं, निळा पडला की मळकट काळसर. हळदीचे हात विटकरी, नवऱ्याचं पांढरं उपरणं फिकट जांभळं. वहिनी कन्यादानाला बसल्या होत्या, त्यांच्या एका गालावर व्हिडिओवाल्याचा पांढरा दिवा आणि दुसऱ्यावर गुलाबी.

हे नंतर कॉम्प्युटरवर दुरुस्त होईल असं सगळेच म्हणतात. एकाच रंगाचा उजेड असता तर झालंही असतं. पण दोन उजेड एकाच चेहऱ्यावर पडले की साडीचा जांभळेपणा काढताना पांढऱ्या दिव्यातला गाल हिरवट होतो, आणि गाल सावरला की साडी पुन्हा बिघडते. फोटोग्राफर कष्टाळू होता, त्याने एकेक फोटो हाताने सावरला, शेवटी बरेचसे कृष्णधवल करून दिले. ते सुरेखच आहेत. पण अष्टपुत्रीचा पिवळा रंग त्या अल्बममध्ये कुठेच नाही, आणि वहिनींना आजही तेच खटकतं.

दिवे बंद करायला सांगितले नव्हते असं नाही. लाइटवाल्याचा माणूस मंडपामागे कुठेतरी, त्याला शोधून आणलं, त्याने पांढरा उजेड लावून दिला. पुढच्या विधीला दिवे परत फिरायला लागलेले. ऐन लाजाहोमात त्याच्यामागे धावणार कोण? त्यात गोरजला अक्षता पडल्या रे पडल्या की भेटायला येणाऱ्यांची रांग लागते, ती मोडता येत नाही, आणि उरलेले विधी रात्रीवर जातात. म्हणजे होम, सप्तपदी, सगळंच त्या दिव्यांच्या स्वाधीन.

सकाळच्या मुहूर्तालाही हेच दिवे लावलेले असतात. पण हॉलला एका बाजूने मोठ्या खिडक्या असल्या तर दिवसाच्या उजेडापुढे त्यांचं काही चालत नाही. मुलीच्या लग्नासाठी कार्यालय पाहताना मी खिडक्याच आधी पाहिल्या. गौरीहराचा पाट खिडकीपासून चार हातांवर मांडला. पिवळी साडी, समोर अन्नपूर्णा, तांदळाची रास आणि डाव्या बाजूने येणारा मऊ उजेड. त्या वेळचे फोटो मला सगळ्या अल्बममध्ये सर्वांत आवडतात, आणि त्यासाठी एकही जादा दिवा लावावा लागला नाही. होमाचा धूरसुद्धा खिडकीच्या उजेडात छान दिसतो. स्टेजच्या दिव्यांत त्याचं नुसतं धुकं होतं.

वेळापत्रकाचं म्हणाल तर सकाळच्या लग्नात दोन जागा सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे घरच्यांचे एकत्र फोटो. ते पुण्याहवाचनानंतर, पाहुणे यायच्या आत उरकावेत. आजी-आजोबा तेव्हा ताजेतवाने असतात आणि सगळे एका जागी सापडतात. दुसरी म्हणजे कार्यालय सोडायची वेळ. सकाळच्या बुकिंगला बहुधा चार-पाच वाजता हॉल रिकामा करायला सांगतात, आणि चांगला उजेड तर तेव्हाच येतो. आम्ही आवारातला झाडाखालचा कोपरा तासभर जास्त मागून घेतला. विहिणींची पंगत, उखाणे वगैरे आटोपून दोघं साडेचारला तिथे आली, सव्वापाचला वरात निघाली. ऑफिसच्या लोकांसाठी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छोटं रिसेप्शन ठेवलं. खर्च थोडा वाढला, पण व्याह्यांचंही समाधान झालं. रिसेप्शनला रंगीत दिवे हवे तेवढे असोत, तिथे अष्टपुत्री नसते.

मे महिन्यातलं लग्न असेल तर मात्र मी इतक्या ठामपणे सांगणार नाही. १३ मेच्या आसपास पुण्यात दुपारी सावली पायाखाली जाते, मंडपात घामाने मेकअप टिकत नाही, आणि सूर्यास्त सातच्या सुमारास असल्याने दुपारचं ऊन उतरल्यावर तयारीला थोडा वेळ मिळतो. एसी हॉल नसेल आणि घरचे गोरजवर ठाम असतील तर गोरजच धरा. फक्त सजावटीच्या करारात एक ओळ लिहून घ्या: मुहूर्तापासून सप्तपदी संपेपर्यंत स्टेजवर एकच, न बदलणारा, पांढरा किंवा किंचित पिवळसर उजेड. तोंडी सांगून हे होत नाही.

आणि कार्यालय पाहायला जाल तेव्हा सोयीच्या वेळी जाऊ नका, मुहूर्ताच्या वेळी जा. पिशवीत एक पिवळी साडी टाका. स्टेजचे दिवे लावायला सांगा, घरातल्या कोणाच्या तरी खांद्यावर ती साडी टाकून स्टेजवर उभं करा आणि मोबाइलवर एक फोटो काढा. त्यात साडी पिवळी दिसली, तर मुहूर्त कुठलाही धरायला हरकत नाही.