‘खात्रीने खातो’ म्हणून विकलेला कॉपरबँड

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांना कॉपरबँड बटरफ्लायचे नखरे सांगायला नकोत. चिमट्यासारख्या लांब तोंडाने खडकांच्या फटींतले बारीक किडे टिपणारा हा मासा. दाणे समोरून वाहत गेले तरी ढुंकून बघत नाही. म्हणूनच ‘हा गोठवलेलं मायसिस (माशांना घालतात तो कोळंबीसारखा बारीक जीव) खातो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला मी जास्त पैसे मोजले. पुरावा म्हणून त्याने व्हिडिओ पाठवला होता. वर ‘याला हेच लागतं’ म्हणत मायसिसची पाकिटंही गळ्यात मारली.

मासा आला तो खपाटीला गेलेल्या पोटाचा. डोक्यामागचं मांस आत बसलेलं, म्हणजे उपासमार बरीच जुनी. विक्रेता म्हणाला, प्रवासाचा ताण आहे, खाईल. मग व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. पाठीच्या परावरचा काळा ठिपका सगळ्याच कॉपरबँडना असतो, त्यावरून काही कळत नाही. पण व्हिडिओतल्या माशाचा एक नारिंगी पट्टा मध्येच तुटलेला होता आणि माझ्याकडच्याचे सगळे अखंड. पर फाटला तर भरून येतो, पट्टे असे जुळत नाहीत. मासा दुसराच होता!

पाकिटांचीही तीच गत. आतल्या गोठवलेल्या वड्या एकमेकींत वितळून एकच लादी झालेली, वर बर्फाचे स्फटिक. माल मध्ये कधीतरी वितळला आणि पुन्हा गोठवला, याची ही खूण. ग्लासभर पाण्यात तुकडा टाकला तर पाणी गढूळ तपकिरी झालं. गाळून बघितलं तर मायसिस नव्हतंच. मायसिस अगदी छोट्या कोळंबीसारखं दिसतं: ठळक काळे डोळे, शेपटीला पंखा. हाती आलं ते पिसासारख्या पायांचं ब्राइन श्रिम्प, खाऱ्या पाण्यातला दुसराच बारीक जीव. वाढलेलं ब्राइन श्रिम्प मासे आवडीने खातात, पण वेगळं पोषण दिल्याशिवाय त्यात फारसा कस नसतो. आधीच खंगलेल्या माशाला त्याचा काय उपयोग?

तक्रार केली तर उत्तर आलं, ‘तुमच्या पाण्यात दोष असेल.’ नायट्रेट किती, क्षारता किती, तापमान किती. सगळे आकडे दिल्यावर मला ब्लॉक केलं. या छंदात फसवणाऱ्याला पाण्याची ही ढाल आयतीच मिळते. ‘जिवंत पोचण्याची हमी’ होती, पण उपाशी मासाही जिवंतच पोचतो, आणि मरतो तो हमी संपल्यावर.

सध्या मी ताजे शिंपले आधी गोठवून, मग उघडून खडकाच्या फटीत अडकवतो. चोच मारायला फट मिळाली की कॉपरबँडचं मन वळतं. जोडीला ब्राइन श्रिम्पची नुकती फुटलेली पिल्लं, अंड्यांची टरफलं वेगळी काढून. पिल्लांच्या अंगातला पिवळा बलक संपायच्या आत ती द्यावी लागतात, शिळी झाली की कस गेलाच. हल्ली तो शिंपल्याला तोंड लावतो. खऱ्या मायसिसला अजून नाही.

कोणी व्हिडिओ दाखवून मासा विकत असेल तर तुम्ही सांगाल तो शब्द चिठ्ठीवर लिहून काचेला चिकटवायला लावा आणि त्याच चौकटीत मासा खाताना दिसू द्या. दोन्ही बाजू आणि समोरून पोटही मागा, कारण बाजूने बघितल्यावर खपाटीचं पोट लक्षात येत नाही. पाकीट सुटं विकत असतील तर एक वडी तिथेच पाण्यात टाकून शेपटीचे पंखे दाखवायला सांगा.